एका संकटाची तीन नावं: इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध जोडीने शिकताना

ऑक्टोबर १९६२मध्ये जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभं राहिलं होतं. अमेरिकेत त्या घटनेला 'क्षेपणास्त्र संकट' म्हणतात, रशियात 'कॅरिबियन संकट', आणि ज्या बेटावर हे घडलं त्या क्यूबात नुसतं 'ऑक्टोबर संकट'. नावं वरवर साधी दिसतात, पण प्रत्येक नाव एकेक बाजू धरून बसलं आहे. 'क्षेपणास्त्र' म्हटलं की सगळा दोष सोव्हिएत संघाने क्यूबात गुपचूप नेलेल्या अणु-क्षेपणास्त्रांवर जातो. 'कॅरिबियन' म्हटलं की त्या समुद्रात आधीपासून धुमसणारं भांडण डोळ्यांपुढे येतं. मग एप्रिल १९६१मध्ये अमेरिकेने तयार केलेल्या क्यूबन निर्वासितांच्या फौजेने बे ऑफ पिग्जवर केलेली चढाईही त्याच गोष्टीत बसते. आणि क्यूबाच्या लेखी ते संकटांच्या लांबलचक रांगेतलं एक, म्हणून ओळखायला महिना पुरला.

विद्यापीठात इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध हे दोन विषय जोडीने घेतले तर नेमकं काय शिकायचं असतं, असं विचारणाऱ्या मुलामुलींना मी आधी ही तीन नावं सांगते. कारण या विषयांबद्दलचे दोन गैरसमज फार चिवट आहेत. इतिहास म्हणजे सनावळी आणि आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे बातम्यांवरची चर्चा, असं धरून अनेकजण येतात आणि पहिल्याच सत्रात गोंधळतात. सनावळी लागते, बातम्याही वाचाव्या लागतात, पण शिकण्याची खरी गोष्ट वेगळीच असते.

क्यूबाचंच उदाहरण पुढे नेऊ. इतिहासाचा विद्यार्थी विचारतो: त्या तेरा दिवसांत काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, कोणाला काय कधी कळलं होतं, आणि हे सगळं आपल्याला कशावरून कळतं? आंतरराष्ट्रीय संबंधांचा विद्यार्थी विचारतो: दोन महासत्ता एवढ्या टोकाला जातातच का, टोकावरून मागे कशा फिरतात, आणि हेच पुन्हा कोणत्या परिस्थितीत घडेल? पहिला एका रोग्याची सगळी हकिगत लिहून काढतो, दुसरा रोगाचा अभ्यास करतो. रोग्यांच्या हकिगती चुकीच्या असतील तर रोगाचं ज्ञान चुकणार, आणि रोगाची काहीच कल्पना नसेल तर हकिगतीत काय टिपून ठेवायचं तेच कळणार नाही. हे दोन विषय एकमेकांच्या चुका पकडतात, म्हणून ते एकत्र शिकावेत असं माझं ठाम मत आहे.

जखमेतून जन्मलेला विषय

इतिहासलेखन जुनं आहे. पण विद्यापीठात साधनांची कसून तपासणी करून, चर्चासत्रात एकमेकांचं काम तपासून इतिहास लिहायची शिस्त प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातली. जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके याचं नाव त्या संदर्भात पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं. आंतरराष्ट्रीय संबंध हा स्वतंत्र विषय मात्र जेमतेम शंभर वर्षांचा आहे. १९१९ साली वेल्समधल्या अॅबरिस्टविथ इथे या विषयाचं जगातलं पहिलं अध्यासन सुरू झालं. डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या दोन बहिणींनी पहिल्या महायुद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यासाठी देणगी दिली आणि अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वूड्रो विल्सन यांचं नाव दिलं. एवढा संहार पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल, हा त्या विषयाचा पहिला प्रश्न होता.

वीस वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९३६पासून त्याच अध्यासनावर असलेले ई. एच. कार यांनी १९३९ साली लिहिलेल्या पुस्तकात आपल्या आधीच्या अभ्यासकांवर कडक टीका केली: जग कसं असावं या इच्छेलाच त्यांनी जग कसं आहे याचं उत्तर मानलं, सत्तेचा हिशेबच केला नाही. याच कार यांनी पुढे १९६१ साली 'इतिहास म्हणजे काय' या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. इतिहासकाराने निवडल्याशिवाय एखादी गोष्ट 'ऐतिहासिक तथ्य' होत नाही, हा त्यातला मुद्दा आजही इतिहासाच्या वर्गात वाद पेटवतो. एकच माणूस दोन्ही विषयांच्या वाचनयादीत पहिल्या पानावर असतो, हा योगायोग मला फार आवडतो.

चष्मे

आंतरराष्ट्रीय संबंधांत विद्यार्थ्याला सगळ्यात आधी सिद्धांतांना तोंड द्यावं लागतं आणि इतिहासाकडून आलेली मुलं तिथेच बिचकतात. सिद्धांत म्हणजे चष्मा. तो लावला की काही गोष्टी ठळक होतात आणि काही पुसट.

वास्तववादाचं म्हणणं असं की राज्यांच्या डोक्यावर कुणी राजा नाही, तक्रार घेऊन जावं असं कोतवालाचं ठाणं नाही. या स्थितीला ते 'अराजकता' म्हणतात. इथे त्या शब्दाचा अर्थ दंगाधोपा असा नाही, वर शासक नसणं एवढाच आहे. मग प्रत्येकाने आपलं रक्षण आपणच करायचं आणि समोरच्याचं बळ वाढलं की तोल सावरायचा. क्यूबात मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नेणं हा या चष्म्यातून तोल सावरण्याचा प्रयत्न दिसतो, कारण लांब पल्ल्याच्या अस्त्रांत अमेरिका तेव्हा बरीच पुढे होती. उदारमतवाद संस्था, करार आणि व्यापार यांच्याकडे लक्ष वेधतो: अमेरिकेने क्यूबाभोवतीच्या सागरी नाकेबंदीसाठी 'अमेरिकी राज्यांची संघटना' या अमेरिका खंडांतल्या देशांच्या संघटनेचा पाठिंबा का मिळवला, क्षेपणास्त्रांच्या तळांची छायाचित्रं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत का मांडली? सत्ताच सगळं असती तर एवढी यातायात कशाला केली असती? रचनावाद विचारतो की धोका नुसत्या शस्त्रांत असतो की नात्यात. अलेक्झांडर वेंड्ट यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: ब्रिटनची ५०० अण्वस्त्रं अमेरिकेला जेवढी भीतिदायक वाटत नाहीत तेवढी उत्तर कोरियाची ५ वाटतात. शस्त्र तेच असलं तरी ते कुणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

नवखा विद्यार्थी यातला 'बरोबर' चष्मा कोणता ते शोधत बसतो. त्यापेक्षा प्रत्येक चष्म्यातून काय दिसत नाही, ते लिहून काढावं. वास्तववादातून क्यूबा जवळजवळ दिसतच नाही, दिसतात ते दोन बलाढ्य खेळाडू. प्रत्यक्षात क्यूबाची स्वतःची भीती होती, स्वतःचा हट्ट होता, आणि शेवटचा सौदा आपल्याला न विचारता झाला याचा संतापही होता.

आणखी एक साधन लवकर हातात येतं ते 'पातळ्यां'चं. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ साली युद्धाची कारणं तीन ठिकाणी शोधता येतात असं मांडलं: माणसाच्या स्वभावात, राज्याच्या अंतर्गत घडणीत किंवा राज्याराज्यांच्या एकूण व्यवस्थेत. ग्रॅहम अॅलिसन यांनी १९७१ साली क्यूबाच्या संकटावरच पुस्तक लिहून याला वेगळं वळण दिलं. राज्य म्हणजे एक शहाणा बुद्धिबळपटू असं आपण धरून चालतो, पण निर्णय खात्यांच्या सवयींतून आणि अधिकाऱ्यांच्या ओढाताणीतून बाहेर पडतात, असं त्यांचं म्हणणं. सोव्हिएत सैनिकांनी एवढ्या गुप्त मोहिमेत क्यूबातले क्षेपणास्त्रांचे तळ मायदेशातल्या तळांच्याच नेहमीच्या आराखड्यावर बांधले. वरून छायाचित्रं पाहणाऱ्या अमेरिकी विश्लेषकांनी तो आराखडा ओळखला. क्रेमलिनमधल्या कोणत्याही डावपेचातून याचा उलगडा होत नाही. नेहमी असंच बांधतात म्हणून याही वेळी तसंच बांधलं, एवढं साधं ते कारण.

सत्तावीस वर्षं लपलेला सौदा

आता जरा थांबून एकच गोष्ट जवळून पाहू, कारण हे दोन विषय एकत्र का शिकायचे याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

संकट संपल्यावर जगाला सांगितलेली गोष्ट अशी होती: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ठाम राहिले, नाकेबंदी केली, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी २८ ऑक्टोबरला माघार घेतली. बदल्यात अमेरिकेने क्यूबावर आक्रमण न करण्याचं आश्वासन दिलं, एवढंच. तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं सोव्हिएत संघाकडे तोंड करून उभी होती. ती काढून घेण्याचा सौदा करावा, असं संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकी राजदूत अॅडलाई स्टीव्हन्सन यांनी चर्चेत सुचवलं होतं. डिसेंबर १९६२मध्ये एका मोठ्या अमेरिकी साप्ताहिकात संकटाची आतली गोष्ट म्हणून लेख आला. त्यात एका अनाम अधिकाऱ्याच्या तोंडी वाक्य होतं की अॅडलाईला म्युनिक हवं होतं.

हा टोमणा कळायला इतिहास लागतो. सप्टेंबर १९३८मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने म्युनिक इथे चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड हिटलरला देऊन टाकला, आणि वर्षभरात युद्ध पेटलंच. तेव्हापासून 'म्युनिक' हा शब्द भेकडपणे केलेल्या तडजोडीसाठी शिवीसारखा वापरला जातो. १९५६ साली इजिप्तने सुएझ कालवा ताब्यात घेतला तेव्हा ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांच्या डोक्यात तोच धडा होता. १९ ऑक्टोबर १९६२ला हवाई दलप्रमुख कर्टिस लमे यांनी नाकेबंदीच्या कल्पनेला केनेडींच्या तोंडावर म्युनिकची उपमा दिली.

आणि प्रत्यक्षात काय झालं होतं? २७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटले आणि तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं काही महिन्यांत निघतील असं त्यांनी सांगितलं, फक्त हे कुठे बोलायचं नाही या अटीवर. एप्रिल १९६३पर्यंत ती निघालीही. म्हणजे स्टीव्हन्सन यांची जाहीर नाचक्की ज्या सौद्यावरून झाली, तोच सौदा गुपचूप झाला होता. रॉबर्ट केनेडींच्या आठवणींचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ साली आलं. त्यातही ही गोष्ट सौम्य करून लिहिलेली होती. ते संपादित करणारे थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ साली मॉस्कोतल्या परिषदेत सगळ्यांसमोर सांगितलं की मूळ टिपणांत सौदा स्पष्ट होता, आपण तो काढून टाकला. पुढे १९९०च्या दशकात डोब्रिनिन यांची त्या भेटीची तारही प्रसिद्ध झाली.

सत्तावीस वर्षं! तेवढ्या काळात या संकटावर आधारलेले किती सिद्धांत मांडले गेले असतील, किती अधिकाऱ्यांना ते शिकवले गेले असतील, याचा विचार केला की अस्वस्थ व्हायला होतं. 'अडून बसलं की समोरचा नमतो' असा धडा एका खोट्या हकिगतीवरून घेतला गेला. संकटाच्या वेळी केनेडींच्या भोवती असलेल्यांपैकी संरक्षणमंत्री मॅकनमारा, राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार बंडी, परराष्ट्रमंत्री रस्क ही मंडळी पुढे व्हिएतनाम युद्धाचे निर्णय घेत होती. त्यांना स्वतःला सौदा माहीत होता. पण देशाला, संसदेला, उपाध्यक्ष जॉन्सन यांना माहीत नव्हता, आणि पुढच्याच वर्षी जॉन्सन अध्यक्ष झाले.

इतिहासाने इथे सिद्धांताची चूक पकडली. उलटही घडतं. १९९२ साली हवाना इथल्या परिषदेत मॅकनमारा यांना पहिल्यांदा समजलं की क्यूबात रणांगणावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही तेव्हा पोचलेली होती. माहिती आली, पण तिचं महत्त्व ठरवायला चौकट लागते. अमेरिकेने आक्रमण केलं असतं तर स्थानिक सेनापतीने काय केलं असतं? निर्णय मॉस्कोच्या हातात राहिला असता का? अशा वेळी शस्त्रांवरचं नियंत्रण, अफवा, तुटलेला संपर्क यांवरचे आंतरराष्ट्रीय संबंधांतले सिद्धांत नसते तर ही एक रंजक आठवण म्हणून राहिली असती.

बखर आणि पत्र

मराठी वाचकाला साधनांची चिकित्सा समजावणं तसं सोपं आहे, कारण आपल्याकडे शब्दच तयार आहेत. घटनेच्या दिवशी लिहिलेलं पत्र वेगळं आणि पुढे कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली बखर वेगळी. बखर वाचायची नाही असं नाही. बखरीतून ती लिहिणाऱ्याच्या काळाला काय आठवायचं होतं ते कळतं. पण त्या दिवशी काय घडलं हे विचारायचं तर पत्राला मान जास्त. रॉबर्ट केनेडींचं पुस्तक बखरीच्या जवळचं, डोब्रिनिनची तार पत्राच्या जवळची. आणि तारेवरही डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही: राजदूत आपल्या वरिष्ठांना लिहितो तेव्हा आपण किती कौशल्याने बोललो हेही त्याला दाखवायचं असतं.

विद्यापीठात ही सवय अंगी बाणवण्यासाठी एकेका कागदावर तासच्या तास घालवतात. कुणी लिहिलं, कुणासाठी, केव्हा, जपून कुणी ठेवलं, आणि याच विषयावरचा कोणता कागद आपल्यासमोर नाही? सरकारी कागद तर ठरावीक वर्षं बंदच असतात. ब्रिटनमध्ये ही मुदत पूर्वी साधारण ३० वर्षं होती, ती आता २०वर आणली आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं निवडक कागदपत्रं १८६१पासून खंडांच्या रूपात छापत आलं आहे. ज्या देशाची दप्तरं उघडी असतात त्याची बाजू पुस्तकांत तपशिलाने येते, आणि ज्याची बंद असतात तो देश नुसता प्रतिक्रिया देणारा, गूढ प्राणी वाटू लागतो. शीतयुद्धाच्या जुन्या पुस्तकांत सोव्हिएत संघ असा दिसतो. याचं बरंचसं कारण कुलपांत होतं.

आकड्यांनाही हीच चिकित्सा लागते. आंतरराष्ट्रीय संबंधांत युद्धांची मोजदाद करणारे मोठे संच वापरतात. त्यातला एक जुना आणि प्रसिद्ध संच मिशिगन विद्यापीठात जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ साली सुरू केला. लढाईत किमान १००० सैनिक मेले तर ते युद्ध, असा त्यात नियम आहे. वाजवी वाटतो. पण युद्धात उतरलेलं 'राज्य' कोणाला म्हणायचं? १९२०च्या आधीच्या काळासाठी अट अशी: लोकसंख्या किमान ५ लाख हवी, आणि ब्रिटन व फ्रान्स या दोघांनीही तिथे आपला राजनैतिक प्रतिनिधी नेमलेला हवा. ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. आफ्रिका आणि आशियातल्या कितीतरी राजवटी लंडन-पॅरिसने वकील पाठवला नाही म्हणून राज्यांच्या यादीत येत नाहीत. त्यांच्यावर लादलेली युद्धं मोजली जातात, पण वेगळ्या रकान्यात. मग फक्त राज्याराज्यांमधल्या युद्धांचा रकाना घेऊन कुणी म्हणालं की १८१५च्या व्हिएन्ना परिषदेनंतरचं शतक त्यामानाने शांततेचं होतं, तर त्याला विचारायला हवं: कुणासाठी?

घड्याळ कुठून सुरू करायचं

रोजचा अभ्यास कसा चालतो ते आता सांगते. तासिका त्यामानाने कमी, वाचन भरपूर. दर आठवड्याला प्रत्येक विषयाची यादी येते, त्यातलं सगळं वाचून होत नाही आणि व्हावं अशी अपेक्षाही नसते. लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कादंबरीसारखा वाचू नका. आधी प्रस्तावना, मग निष्कर्ष, मग तळटिपा चाळा. तळटिपांत लेखक कुणाशी भांडतो आहे ते कळतं, आणि भांडण कळलं की मधला भाग भराभर वाचता येतो. चर्चासत्रात दहा-पंधरा जण बसलेले असतात आणि पहिले काही आठवडे कुणी तोंड उघडत नाही. 'मला हे पान समजलं नाही' एवढं जरी कुणी म्हणालं तरी चर्चा सुरू होते. बहुतेकांना तेच पान समजलेलं नसतं.

खरी कसोटी निबंधाची. समजा प्रश्न आला: 'पहिल्या महायुद्धाची जबाबदारी जर्मनीवर कितपत टाकता येईल?' सगळी मेख 'कितपत' या शब्दात आहे. आता घटनाक्रम पाहा. २८ जून १९१४ला सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या झाली. २३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांची निर्वाणीची मुदत दिली. २८ जुलैला युद्ध पुकारलं. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध जाहीर केलं. निबंध २८ जूनपासून सुरू केला तर पहिला दोष सर्बियातल्या कटवाल्यांकडे जातो. जुलैच्या सुरुवातीपासून केला, तर ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा देणारा जर्मनी पुढे येतो. रशियाच्या सैन्याच्या जमवाजमवीपासून सुरू केला तर रशिया. १८७१पासून, जर्मनीच्या एकीकरणापासून केला तर कुणीच एकटा आरोपी उरत नाही, व्यवस्थाच दोषी ठरते. म्हणजे घड्याळ कुठून सुरू करायचं हे ठरवतानाच अर्धा निकाल लागलेला असतो.

व्हर्सायच्या तहाच्या २३१व्या कलमाने १९१९ साली जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रदेशांवर टाकली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अनेक इतिहासकारांनी ती सर्वांवर वाटून टाकली. १९६१ साली फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मनीच्याच कागदांवरून ती पुन्हा जर्मनीवर आणली आणि त्याच्या देशात केवढा तरी गदारोळ उठला. २०१२ साली ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सगळ्याच राजधान्यांतल्या आंधळेपणाकडे बोट दाखवलं. चांगल्या निबंधात हे सगळं येतं, पण यादी म्हणून नाही. 'फिशर असं म्हणतो, क्लार्क तसं म्हणतो' एवढ्यावर थांबलेला निबंध म्हणजे हजेरीपट. माझा पहिला निबंध असाच होता. तो परत आला तेव्हा समासात शिक्षकांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'हे सगळे हजर आहेत. तुम्ही कुठे आहात?'

जोडविषयाची एक खरी अडचण आधीच सांगायला हवी. दोन्ही विभागांच्या सवयी वेगळ्या असतात. इतिहासाचे शिक्षक म्हणतात, सिद्धांत फार झाला, कागद कुठे आहेत? आंतरराष्ट्रीय संबंधांचे शिक्षक म्हणतात, गोष्ट छान सांगितली, पण दावा काय आहे? संदर्भ देण्याच्या पद्धतीसुद्धा अनेकदा निराळ्या. पहिलं वर्षभर आपण दोन्ही घरांत पाहुणेच आहोत असं वाटत राहतं आणि एकटंही वाटतं. यावर मला सापडलेला उपाय साधा होता: निबंध सुरू करण्याआधी कागदावर दोन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत 'माझा दावा', दुसऱ्या ओळीत 'तो खोटा ठरवू शकेल असा कागद'. दोन्ही ओळी भरल्या की निबंध कुठल्याही विभागात चालतो.

पाठ्यपुस्तकांतली सर्वमान्य वाक्यं हा या दुहेरी नजरेचा आवडता चारा. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पुस्तकांत हमखास वाचायला मिळतं की १६४८च्या वेस्टफालियाच्या तहाने सार्वभौम राज्यांची आधुनिक व्यवस्था जन्माला घातली. मुन्स्टर आणि ओस्नाब्रुक इथे झालेले ते करार प्रत्यक्ष उघडून पाहणाऱ्या इतिहासकारांना त्यांत सार्वभौमत्वाचा असा सिद्धांत सापडत नाही. तिथे आहेत पवित्र रोमन साम्राज्यातले धर्माचे, प्रदेशांचे आणि हक्कांचे तंटे. म्हणून '१६४८' ही खूण टाकून द्यायची का? मला तसं वाटत नाही. पुढच्या पिढ्यांनी आपल्या व्यवस्थेचा जन्म तिथे का मानला, हा आणखी चांगला प्रश्न त्यातून मिळतो.

शेवटच्या वर्षाचा प्रबंध

शेवटच्या वर्षी बहुतेक ठिकाणी स्वतःचा प्रबंध लिहावा लागतो आणि त्यात पहिली चूक विषयाच्या आकाराची होते. 'शीतयुद्धातली अलिप्तता' हा विषय नव्हे, तो समुद्र आहे. एप्रिल १९५५च्या बांडुंग परिषदेला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले होते. त्यातल्या एकाच देशाने, एकाच ठरावाच्या मसुद्यात कोणते शब्द बदलून घेतले आणि का, हा झाला विषय. आपल्याला वाचता येईल अशा भाषेत, आपल्या हाती येतील अशी साधने आहेत का, हे आधी पाहायचं आणि प्रश्न मागाहून पक्का करायचा. क्रम उलटा वाटतो, पण साधनं नसलेल्या प्रश्नावर घालवलेले महिने परत मिळत नाहीत. भाषा येणं इथे सोन्यासारखं कामाला येतं. एखादी दुसरी भाषा वाचता आली तर ज्या बाजूचं कुणी ऐकलेलं नाही ती बाजू तुम्हाला ऐकू येते.

नोकरीबद्दल थोडक्यात. परराष्ट्र सेवा, पत्रकारिता, संशोधन संस्था, मदतकार्य, कायदा, अध्यापन, दप्तरखाने, कंपन्यांमधलं जोखीम-विश्लेषण अशा अनेक वाटा आहेत, पण यातली कोणतीही पदवीबरोबर आपोआप मिळत नाही. ढीगभर परस्परविरोधी कागदांतून दोन पानांचं विश्वासार्ह टिपण काढता येणं, हे कौशल्य मात्र जवळजवळ सगळीकडे लागतं, आणि ते इथे घोटून घोटून शिकवतात.

हा अभ्यास आपल्याला जमेल का, अशी शंका असेल तर एक संध्याकाळ काढा. व्हाइट हाउसमधल्या त्या बैठका केनेडींनी गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या होत्या. खोलीतल्या बहुतेकांना याची कल्पना नव्हती. आज त्या फिती केनेडी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात आणि लिखित स्वरूपातही मिळतात. २७ ऑक्टोबरची बैठक उघडा. तुर्कस्तानच्या क्षेपणास्त्रांचा सौदा कुठल्याही समंजस माणसाला रास्तच वाटेल, असं स्वतः अध्यक्ष म्हणत आहेत आणि सल्लागार त्यांना परोपरीने थोपवत आहेत. वाक्यं अर्धवट तुटतात, कुणी विषय बदलतं, कुणी तोच मुद्दा चौथ्यांदा मांडतं. त्याच संध्याकाळी मोजक्या जणांना बाजूला घेऊन डोब्रिनिनना काय सांगायचं ते ठरलं. बाकीचे रात्री पुन्हा बैठकीला येऊन बसले तेव्हा त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ती रात्रीची बैठकही फितीवर आहे. कुणाला माहीत आहे आणि कुणाला नाही, हे मनात धरून ती ऐका.